दूरचा डोंगर मऊ का येतो? ऋतूंबरोबर परतणाऱ्या एका तक्रारीची क्रमवार तपासणी

पुढे नांगरलेले रान, मध्ये झाडांची ओळ आणि सर्वांत मागे डोंगर, अशी चौकट कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सुरेख दिसते. घरी येऊन तीच संगणकावर पूर्ण आकारात उघडावी, तर डोंगराच्या कडा विरघळल्यासारख्या झालेल्या असतात. बारा महिने उघड्यावर छायाचित्रण करणाऱ्याला हा अनुभव वर्षातून तीन-चार वेळा हमखास येतो. प्रत्येक वेळी तक्रार तीच असली, तरी पावसाळ्यातले कारण थंडीत लागू पडत नाही आणि थंडीतला उपाय उन्हाळ्यात उपयोगी ठरत नाही. स्वतःच्या आणि इतरांच्या कॅमेऱ्यांवर ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे, की आता लेन्सवर संशय घेण्याआधी मी हवेकडे पाहतो.

लक्षणे

‘फोटो मऊ आला’ या एका वाक्यात किमान सहा वेगवेगळे दोष लपलेले असतात. त्यामुळे पहिले काम म्हणजे मऊपणा चौकटीत नेमका कुठे आहे, हे ठरवणे. छायाचित्र शंभर टक्के आकारात उघडावे, मध्यभाग आणि चारही कोपरे पाहावेत, आणि त्याच जागेवरून लागोपाठ काढलेली दोन-तीन छायाचित्रे शेजारी ठेवावीत.

सगळी चौकट दुधाळ दिसत असेल, काळ्या सावल्या राखाडी पडल्या असतील आणि उजळ भागाभोवती तेजोवलय असेल, तर दोष बहुधा काचेवर आहे. जवळचा बांध धारदार आणि दूरचे सगळे फिकट निळसर किंवा पांढुरके असेल, तर मधली हवा जबाबदार असते. दूरच्या कडा वाकड्यातिकड्या असतील आणि लागोपाठच्या छायाचित्रांत त्यांचा आकार बदलत असेल, तर हवा तापलेली आहे. प्रत्येक फांदीला एकाच दिशेने जोडकडा दिसत असेल, तर कॅमेरा हलला आहे. एका अंतरावरचे धारदार आणि दुसऱ्या अंतरावरचे मऊ, हे फोकसचे लक्षण आहे. रंग आणि उजेड ठीक असूनही सगळेच किंचित बोथट असेल, तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र, तपासावे. चौकटीची एकच बाजू दर वेळी मऊ येत असेल, तर मात्र लेन्सविषयी काळजी करण्यास जागा आहे.

मूळ फाइल आणि पुढची काच

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी काही इथेच संपतात, कारण पाहणाऱ्याने मूळ फाइल पाहिलेलीच नसते. मेसेजिंग ॲपवरून पाठवलेले छायाचित्र वाटेत लहान केले जाते आणि गवत, पाने, दूरची झाडे यांसारखा बारीक पोत त्यात सर्वांत आधी पुसला जातो. म्हणून मेमरी कार्डावरची फाइलच उघडावी.

त्यानंतर टॉर्च घ्यावा आणि लेन्सच्या पुढच्या काचेवर तिरका उजेड टाकावा. समोरून स्वच्छ दिसणारी काच तिरक्या उजेडात बोटांचे ठसे, पावसाच्या थेंबांचे वाळलेले डाग आणि तेलकट पापुद्रा सगळे उघडे करते. सूर्य पाठीमागे असताना हा मळ फारसा जाणवत नाही; सूर्य समोर किंवा बाजूला आला की तोच मळ उजेड चौकटभर पसरवतो. आधी ब्लोअरने धूळ उडवावी, मग मऊ ब्रश, आणि शेवटी लेन्स क्लीनरचा एखादा थेंब घेतलेले मायक्रोफायबर कापड मध्यापासून कडेकडे गोल फिरवावे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण धूळ न उडवता कापड फिरवले तर मातीचे कण काचेवर घासले जातात.

संरक्षणासाठी लावलेला फिल्टर काढून एक छायाचित्र जरूर घ्यावे. थंडीतल्या संध्याकाळी सूर्यासमोर घेतलेली माझी छायाचित्रे सलग दोन वर्षे दुधाळ येत होती. दोन्ही वर्षी मी ती लेन्स दुरुस्तीला दिली आणि दोन्ही वेळा ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन ती परत आली. तिसऱ्या वर्षी सहज फिल्टर फिरवून काढला, तर त्याच्या आतल्या बाजूला एक पातळ धुरकट थर साचलेला होता. लेन्स देताना मी फिल्टर काढून घरी ठेवत असे, त्यामुळे तपासणाऱ्याला तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

दव आणि बाष्प

पावसाळ्यात आणि थंडीच्या पहाटे सर्वांत जास्त छायाचित्रे याच कारणाने वाया जातात. काचेचे तापमान हवेच्या दवबिंदूच्या, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानाच्या, खाली गेले, की हवेतले बाष्प तिच्यावर जमते. हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. म्हणजे २४ अंशांच्या वातानुकूलित खोलीत रात्रभर राहिलेली लेन्स पावसाळी सकाळी बाहेर काढताच धुरकटणार. ती पुसून उपयोग होत नाही. काच थंडच असल्यामुळे पुसलेल्या जागेवर मिनिटभरात पुन्हा थर चढतो. बॅग बंद ठेवूनच बाहेर आणावी आणि अर्धा ते एक तास कॅमेऱ्याला हवेच्या तापमानाला येऊ द्यावे. या वेळेत लेन्स बदलू नये, कारण तेच बाष्प मग कॅमेऱ्याच्या आत जमते.

पहाटेचे दव अधिक फसवे असते. निरभ्र रात्री उघड्या आकाशाखाली ठेवलेली काच आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. गवताच्या पात्यांवर दव पडते ते याच रीतीने. पहिली पाच-सहा छायाचित्रे उत्तम येतात, पुढची हळूहळू मऊ होत जातात, आणि आपले लक्ष उजाडणाऱ्या आकाशाकडे असल्याने ते ध्यानात येत नाही. लागोपाठच्या छायाचित्रांत मऊपणा क्रमाने वाढत गेलेला दिसला, तर कारण दवच आहे, यात फारशी शंका उरत नाही. लेन्सला हूड लावल्यास काचेला दिसणारे आकाश कमी होते आणि दव उशिरा पडते. दव भरपूर असेल, तर हात गरम ठेवण्याची छोटी पुडी रबरबँडने लेन्सच्या नळीवर बांधावी. काच दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर राहिली तरी पुरते.

कडाक्याच्या थंडीतून उबदार घरात शिरताना उलटा प्रकार होतो. दाराबाहेरच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे, म्हणजे बाष्प पिशवीवर जमते आणि कॅमेरा कोरडा राहतो. पिशवी बांधण्यापूर्वी मेमरी कार्ड काढून घ्यावे. नाही तर छायाचित्रे पाहण्याच्या घाईत पिशवी दहाव्या मिनिटालाच उघडली जाते. मी हे शहाणपण दोन वेळा ओल्या झालेल्या कॅमेऱ्यानंतर शिकलो.

बाष्प पुढच्या काचेवर नसून आतल्या काचांमध्ये दिसत असेल, तर लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात एक-दोन दिवस ठेवावी. हेअर ड्रायर लावू नये आणि कडक उन्हातही ठेवू नये, कारण उष्णतेने आतले वंगण पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरू शकते. डब्यात ठेवूनही बाष्प परतत असेल, तर तपासणी तिथेच थांबवून लेन्स तंत्रज्ञाकडे न्यावी.

मधली हवा

डोंगर दहा किलोमीटर दूर असेल, तर आपण डोंगराबरोबर दहा किलोमीटर हवेचेही छायाचित्र घेत असतो. हवेचे रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा चौपटीहून अधिक विखुरतात, म्हणून दूरच्या रांगा निळसर दिसतात. धूळ, धूर आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब सगळेच रंग विखुरतात, म्हणून त्यांचा पडदा पांढुरका दिसतो. हा फरक उपयोगाचा आहे. निळसर धूसरपणा पोलरायझर (ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाश अडवणाऱ्या) फिल्टरने बऱ्यापैकी कमी होतो. पांढुरक्यावर तो फारसा चालत नाही आणि दाट धुक्यात त्याचा काहीच उपयोग नसतो.

पोलरायझरचा परिणाम सूर्याशी ९० अंशांचा कोन करणाऱ्या दिशेला सर्वाधिक असतो. तर्जनी सूर्याकडे रोखून अंगठा तिच्याशी काटकोनात ताणावा आणि मनगट फिरवावे. अंगठा ज्या ज्या दिशांना वळेल, तिथे फिल्टर काम करील. अतिरुंद लेन्सवर तो आकाशाच्या एकाच पट्ट्याला गडद करतो, त्यामुळे तिथे मी तो वापरत नाही. फिल्टर एक ते दोन स्टॉप उजेडही खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि त्याची किंमत पुढे हादऱ्याच्या मुद्द्यात चुकवावी लागते.

याहून स्वस्त उपाय म्हणजे वेळ बदलणे. पाऊस धूळ खाली बसवतो, म्हणून पाऊस थांबल्यानंतरचे पहिले काही तास दूरच्या दृश्यांसाठी सोन्यासारखे असतात. थंडीत जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसते आणि गावावरचा धूर वर न जाता आडवा पसरतो. ऊन वर आल्यावर जमीन तापते आणि हे झाकण मोडते. त्यामुळे हिवाळ्यात स्वच्छ डोंगर हवा असेल तर पहाटेपेक्षा उशिराची सकाळ किंवा दुपार बरी. संगणकावर धूसरपणा कमी करणारा स्लायडर काही अंशी मदत करतो, पण तो जास्त ओढला की आकाशातले दाणे आणि सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके वर येतात. उन्हाळ्याच्या अखेरीस मी डोंगर धारदार येण्याचा नाद सोडतो आणि एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगांचीच चौकट करतो.

तापलेली हवा

हा दोष ओळखायला सोपा असूनही लोक त्यासाठी नवी लेन्स घेतात. ऊन पडलेली जमीन आपल्यावरची हवा तापवते, गरम आणि थंड हवेचे पुंजके एकमेकांत मिसळतात, आणि प्रत्येक पुंजक्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे प्रमाण) वेगळा असल्यामुळे प्रकाश वाकडातिकडा येतो. दूरचे जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स हा सगळा खेळ मोठा करून दाखवते. तपासणी फुकट आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावरच्या थेट चित्रात, दूरचे झाड दहापट मोठे करावे आणि अर्धा मिनिट नुसते पाहावे. झाडाचा बुंधा वाहत्या पाण्याखाली असल्यासारखा हलत असेल, तर त्या दुपारी त्या अंतरावर कोणतीही लेन्स धारदार चित्र देणार नाही. शटरचा वेग वाढवूनही उपयोग नाही. त्याने वाकडी कड तेवढी वाकडीच गोठते.

विषयाच्या जवळ जाणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ते शक्य नसेल, तर सूर्योदयानंतरचा पहिला तास गाठावा, उंच जागा निवडावी, आणि दृष्टीची रेषा नांगरलेल्या उघड्या रानावरून किंवा डांबरी रस्त्यावरून न नेता हिरवळीवरून न्यावी.

हा दोष उन्हाळ्यापुरताच आहे, असे मात्र समजू नये. एका गारठलेल्या सकाळी कापणी झालेल्या रानात उतरलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे मी गाडीच्या खिडकीतून ४०० मिलिमीटरवर घेत होतो. आत हीटर चालू होता आणि काच खाली केलेली होती. दोनशेच्या आसपास छायाचित्रांपैकी एकाही पक्ष्याच्या डोळ्यात धार नव्हती, कारण गाडीतली उबदार हवा नेमकी लेन्ससमोरून बाहेर पडत होती. इंजिन आणि हीटर बंद करून चारही काचा पंधरा मिनिटे उघड्या ठेवल्या. त्यानंतरच्या पहिल्याच छायाचित्रात पिसे मोजता आली. हातांची बोटे मात्र त्या पंधरा मिनिटांत पार बधिर झाली होती.

हादरा

हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी शटरचा वेग किमान फोकल लेंग्थच्या (लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याच्या) व्यस्ताइतका असावा, हा जुना नियम प्राथमिक अंदाजापुरता ठीक आहे. २०० मिलिमीटरला सेकंदाचा १/२०० भाग, आणि दीडपट क्रॉप असलेल्या, म्हणजे लहान, सेन्सरवर १/३०० भाग धरावा. दाट पिक्सेलच्या सेन्सरवर मी याच्या दुप्पट वेग ठेवतो. दोन स्टॉप खाणारा पोलरायझर लावताच १/२०० चा १/५० होतो, आणि धूसरपणा घालवायला निघालेला माणूस हादरा घेऊन परततो.

ट्रायपॉड वापरला म्हणजे प्रश्न मिटला, असे शेतात होत नाही. ओल्या रानात पाय हळूहळू रुतत असतात. दोन सेकंदांच्या छायाचित्रात ते रुतणे उभ्या दिशेच्या जोडकडेच्या रूपाने दिसते. कॅमेरा लावण्याआधी प्रत्येक पाय हाताने दाबून बसवावा आणि त्याखाली चपटा दगड किंवा फळीचा तुकडा ठेवावा. मधला दांडा वर उचलू नये. वारा असेल तर ट्रायपॉडला बॅग टांगावी, पण ती जमिनीला टेकलेली असावी. मोकळी झुलणारी बॅग स्वतःच हादरे देते. कॅमेऱ्याचा पट्टा फडफडत असेल तर तो गुंडाळावा, आणि शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोडावे. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हादरा कमी करणारी यंत्रणा) चालू ठेवावे की बंद, याचे उत्तर लेन्सप्रमाणे बदलते. चार छायाचित्रे चालू ठेवून आणि चार बंद करून घेतली, की आपल्या लेन्सचे उत्तर कळते.

डोंगर धारदार आणि पुढचे उभे पीक तेवढे पुसट असेल, तर तो वारा आहे. त्यासाठी कॅमेऱ्यात काही शोधू नये.

ॲपर्चर आणि फोकस

सगळे धारदार यावे म्हणून ॲपर्चर एफ/२२ पर्यंत बंद करण्याची सवय अनेकांना असते (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). छिद्र जितके लहान, तितका प्रकाश कडेवर पसरतो. एफ/८ ला एका बिंदूचा ठिपका साधारण ११ मायक्रॉन रुंद होतो आणि एफ/२२ ला तो ३० मायक्रॉनच्या जवळ जातो, तर २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (मोठ्या) सेन्सरवरचा एक पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा असतो. फुल फ्रेमवर एफ/८ ते एफ/११ आणि लहान सेन्सरवर एफ/५.६ ते एफ/८ या मर्यादेत राहिले, की हा प्रश्न उरत नाही.

फोकसमध्ये नेहमीची चूक म्हणजे रिंग अनंताच्या टोकापर्यंत फिरवणे. बहुतेक ऑटोफोकस लेन्स अनंताच्या थोड्या पलीकडेही फिरतात, कारण तापमानानुसार तो बिंदू सरकतो. त्यामुळे टोकाला नेलेली रिंग डोंगर मऊ करते. लाइव्ह व्ह्यूमध्ये डोंगराची कड मोठी करून हाताने फोकस करावा आणि ऊन चढल्यावर तो पुन्हा तपासावा. धुक्यात ऑटोफोकस पुढेमागे भटकत राहतो, कारण त्याला पकडायला फरकच सापडत नाही. अशा वेळी जवळच्या झाडाच्या काळ्या बुंध्याच्या कडेवर तो बसवावा आणि मग हाताने पुढे न्यावा.

हायपरफोकल अंतराचे, म्हणजे जिथे फोकस केल्यास अनंतापर्यंत सगळे पुरेसे धारदार येते त्या अंतराचे, कोष्टक वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २४ मिलिमीटर आणि एफ/८ ला फुल फ्रेमवर हे अंतर सुमारे २.४ मीटर येते, पण त्यामागे धरलेली, सेन्सरवरचा बिंदू ०.०३ मिलिमीटरपर्यंत पसरू देण्याची सूट मध्यम आकाराच्या छापील चित्रासाठी आहे. मोठ्या पडद्यावर शंभर टक्के पाहणाऱ्याला तोच डोंगर मऊ वाटणारच. डोंगर महत्त्वाचा असेल तर मी सरळ डोंगरावर फोकस करतो, आणि पुढचा बांधही हवा असेल तर दोन छायाचित्रे घेऊन जोडतो.

आरशाच्या डीएसएलआर कॅमेऱ्यात आणखी एक तपासणी आहे. ट्रायपॉडवर, ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून, एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमधून तोच विषय फोकस करावा. लाइव्ह व्ह्यूची छायाचित्रे सातत्याने धारदार येत असतील, तर मेन्यूतील फोकसचे सूक्ष्म समायोजन करून पाहावे. त्यानेही जुळत नसेल, तर पुढचे काम तंत्रज्ञाचे आहे.

लेन्सची शेवटची तपासणी

इथवर येऊनही एकच बाजू मऊ येत असेल, तर गार आणि स्वच्छ सकाळी ॲपर्चर पूर्ण उघडून दूरचे एकाकी झाड मध्यभागी फोकस करावे. मग फोकस न हलवता तेच झाड चारही कोपऱ्यांत आणून एकेक छायाचित्र घ्यावे. चारही कोपरे सारखेच किंचित मऊ असणे हा लेन्सचा स्वभाव आहे. तीन सारखे आणि एक ठळकपणे वाईट असेल, तर आतली काच मध्यापासून सरकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. निष्कर्ष काढण्यापूर्वी ही चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी.

शेवटी लेन्स कॅमेऱ्यावरून काढून मागून टॉर्च धरावा आणि पुढून तिरके पाहावे. एखाद-दुसरा धुळीचा कण निरुपद्रवी असतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे फांद्या फुटलेले तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती दमट हवेत वाढते, काचेवरचा लेप खाऊ शकते, आणि लेन्स चामड्याच्या बंद पेटीत ठेवणाऱ्यांकडे जास्त सापडते. हवाबंद डब्यात ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणे, एवढाच घरचा प्रतिबंध आहे.

कुठे थांबावे

आतली बुरशी, सरकलेली काच, परत परत येणारे आतले बाष्प, समायोजनात न बसणारा फोकस आणि सेन्सरला चिकटलेला डाग या पाच गोष्टींना घरी हात लावू नये. सेन्सरवर ब्लोअरपलीकडे काही वापरू नये. डब्यातल्या दाबाच्या हवेबरोबर द्रव उडून तो डाग कायमचा होऊ शकतो. लेन्स उघडल्यास काचांमधली अंतरे हाताने पुन्हा जुळवता येत नाहीत. अंगभूत फ्लॅश असलेला कॅमेरा उघडणे तर धोक्याचेच आहे, कारण बॅटरी काढल्यावरही फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा भार शिल्लक असू शकतो. कॅमेरा पाण्यात पडला असेल, तर चालू होतो का हे पाहण्याचा मोह टाळून बॅटरी काढावी आणि त्याच दिवशी तो दुरुस्तीला द्यावा.

देताना लेन्ससोबत कॅमेरा, रोज लावलेला फिल्टर, चार कोपऱ्यांच्या चाचणीच्या मूळ फाइल आणि दोष कोणत्या हवेत, किती वाजता, कोणत्या ॲपर्चरला दिसतो याची चार ओळींची टीप द्यावी. माझी लेन्स दोनदा निर्दोष ठरून परत आली, तेव्हा मी यातले एकही दिले नव्हते.